परवा दुपारपर्यंत

"मुकी त नाही ना वं थे?"

खालच्या स्वयंपाकघराला दार नाही, मण्यांचा पडदा आहे. त्यामुळे शेजारच्या काकूंनी आवाज खाली करून विचारलेलंही मला स्पष्ट ऐकू आलं. थोड्या वेळापूर्वी मी त्यांना पाणी नेऊन दिलं होतं, त्यांनी काहीतरी विचारलं होतं आणि मी नुसती मान हलवली होती. एवढंच झालं होतं.

"मुकी नाही हो काकू," जिजाजी म्हणाले. "इंग्लिश मीडियमची आहे."

सगळे हसले. मला हसण्याचे आवाज वेगवेगळे ओळखता येतात. मोठ्या बाबांचं हसू खोकल्यात संपतं. मोठ्या आईचं जवायाबरोबर सुरू होतं आणि जवायाबरोबरच थांबतं. त्या दिवशी त्यात माझ्या बाबांचंही होतं, उशिरा आलेलं, बारीक, पाहुण्यांपुरतं. मी हातातल्या धोंड्यात पुरण भरलं, तोंड दाबून मिटवलं आणि पुढची पारी घेतली. मला घाई नव्हती. या दिवसाची मी आठवडाभर वाट पाहिली होती.

अधिक महिना या खेपेला भर उन्हाळ्यात आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जवायाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तो त्या दिवशी देवाच्या जागी असतो आणि देवाचं म्हणणं खोडून काढायची आमच्या घरी पद्धत नाही. जवाई म्हणाले की वरण खारट झालं, तर ज्यांना ते अळणी लागलं तेसुद्धा दोन घोट पाणी पितात.

हे जवाई म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, ताईचे, यजमान. मोठे बाबा आणि मोठी आई म्हणजे ताईचे आईवडील, माझे काका-काकू. अमरावतीत आमचं घर एकच आहे, खाली ते आणि वर आम्ही. जिजाजी मूळचे अकोल्याचे, नोकरीला अमेरिकेत, न्यू जर्सीला. आमच्या दोन्ही कुटुंबांत लग्नानंतर त्यांच्याबरोबर गेलेली ताई सोडली, तर विमानात बसून समुद्र ओलांडलेला तोवर एकच माणूस होता, आणि त्याची जाणीव त्यांनी आम्हाला एक दिवसही विसरू दिली नव्हती.

माझ्या मनात त्यांच्याविषयी काय होतं ते मी सरळच लिहिते. मला त्यांचा सूड घ्यायचा होता. माझा राग आवाज करत नाही, म्हणून लोकांना वाटतं की तो नाहीच.

त्याची सुरुवात ताईच्या लग्नातली. मी तेव्हा शाळेत होते. स्टेजवर फोटो चालले असताना नवरदेवानं अँकरच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाला, आमची साळी कॉन्व्हेंटची आहे, ती आता दोन शब्द इंग्लिशमध्ये बोलेल. मंडपभर लोक वळले. मी 'गुड इव्हिनिंग' म्हणाले. त्यानंतर माझ्या तोंडून काही निघालं नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे, पण व्हिडिओत ते फार लांब वाटतं. हो, त्याचा व्हिडिओ आहे. दर वाढदिवसाला जिजाजी तो घरच्या ग्रुपवर टाकतात, खाली हसून रडणारे चेहरे, आणि मग बाकीचे सगळे तेच चेहरे टाकतात. त्या व्हिडिओत मी कशी दिसते याची मला सवय झाली आहे. पण माझ्या मागे, डाव्या कोपऱ्यात, बाबा उभे आहेत आणि स्वतःच्या चपलांकडे बघत आहेत. मला त्यांनीच त्या शाळेत घातलं होतं. परतवाड्याकडच्या संत्र्याच्या बागेतून यायचे, बुटांना काळी माती लागलेली असायची म्हणून पालकसभेत शेवटच्या बाकावर बसायचे, आणि शिक्षिका काय बोलल्या ते घरी आल्यावर मला विचारायचे. ते चपलांकडे बघत उभे आहेत, एवढं त्या व्हिडिओतलं मी विसरले नाही.

पुढे मी अकोल्याला कृषीचं शिकले, होस्टेलवर राहून. रविवारी जिजाजींच्या घरी जेवायला जायचं असा दोन्ही घरांनी ठरवलेला नियम होता. त्यांच्या आईला मी मावशी म्हणते. मावशी चांगल्या होत्या. मी बोलले नाही तरी त्यांचं अडत नसे. त्या त्यांचं त्या बोलत राहत आणि माझ्या ताटात भाकरी टाकत राहत. जेवण निम्म्यावर आलं की न्यू जर्सीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मुकी आली का जेवाले?" मावशी फोन माझ्याकडे वळवायच्या. मी हात हलवायची. रविवारच्या त्या वरणाची चव मला अजून आठवते आणि त्याबरोबर तो प्रश्नही.

यंदा मला व्हँकुव्हरला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. फळझाडांच्या रोगांवर दोन वर्षं काम करायचं होतं, खर्च विद्यापीठ उचलणार होतं. मी ते घरी सांगितलं तेव्हा आई रडली आणि मग तिनं फ्रीज पुसायला काढला. बाबांनी एकच विचारलं.

"तिथून मातीले येता येते का?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. आमच्याकडे कुणी गेलं की प्रेताला शेवटचं पोहोचवायला जाण्याला मातीला जाणं म्हणतात, आणि आमच्या घरात मुलींना स्थळ बघताना हे माप आधी लावलं जातं. जिथून लेकीला बापाच्या मातीला येता येत नाही, तिथे लेक द्यायची नाही. यामागे आत्या आहे. बाबांची थोरली बहीण फार लांब दिली होती. आजोबा गेले तेव्हा ती पोहोचली दुसऱ्या दिवशी, आणि तिला दाखवायला राख सावडून झालेली काळी जागा तेवढी उरली होती. त्या जागेवर ती ऊन उतरेपर्यंत बसली होती, असं बाबा सांगतात. तेव्हापासून माप ठरलं. आता शीतपेटी मिळते, त्यामुळे माप थोडं सैल झालं आहे. लेकरं परदेशात असली तर लोक परवा दुपारपर्यंत थांबतात. त्याच्यापुढे कुणी थांबत नाही.

म्हणजे बाबांचा प्रश्न असा होता, परवा दुपारपर्यंत येता येतं का? पैशाचं, थंडीचं, एकटीनं राहण्याचं त्यांनी काही विचारलं नाही. याचं उत्तर हो असेल तर जा, नाही असेल तर नाही. विद्यापीठाला महिनाअखेर कळवायचं होतं.

माझ्या दुर्दैवानं त्याच आठवड्यात जिजाजी सुट्टीवर आले आणि बाबांनी तो प्रश्न त्यांना विचारला. विमानाचं दुसरं कुणाला विचारणार?

खालच्या हॉलमध्ये जगाचा मोठा नकाशा आहे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मोठ्या बाबांनी लावला. त्यावर न्यू जर्सीच्या जागी मोठ्या आईनं आपल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली आहे. जिजाजी उठले, नकाशापाशी गेले आणि त्यांनी वीत टाकली. भारतावर अंगठा ठेवून डावीकडे, अरबस्तान, आफ्रिकेचं टोक. दुसरी वीत समुद्रावर. ती टिकलीपाशी पोहोचली.

"हे मी राहतो. इथवर मले घरून निघून दोन-तीन दिवस लागते," ते म्हणाले. मग टिकलीवर अंगठा ठेवून त्यांनी हात आणखी डावीकडे पसरला, सगळी अमेरिका ओलांडून, नकाशाच्या पार कडेला. "अन् हे व्हँकुव्हर. माझ्या घरून अजून सहा तास विमानानं. काकाजी, माह्या बाबाच्या मातीले मी पोचू शकलो नाही. ही माझ्याही पलीकडून काय पोचते?"

बाबा नकाशासमोर उभे राहिले. त्यांनी स्वतःही एकदा वीत टाकून पाहिली. त्यांचे हात मोठे आहेत, तरी ती जवळजवळ तेवढीच भरली.

"लय दूर हाये वं माय," ते मला म्हणाले, जणू चूक त्यांचीच असावी.

"शिवाय तिथं बोलावं लागते," जिजाजी म्हणाले, आणि सगळे हसले.

वर येऊन मी लॅपटॉप उघडला. काय शोधायचं हेही मला नीट ठाऊक नव्हतं. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर सांगणारी पानं असतात. एका खिडकीत दिल्ली, दुसऱ्या खिडकीत व्हँकुव्हर. उत्तर आलं, अकरा हजार शंभर किलोमीटर आणि वर थोडे. शेजारच्या नकाशावर दिल्लीहून निघालेली रेघ डावीकडे गेलीच नाही. ती सरळ वर गेली, सैबेरियावरून, उत्तर ध्रुवाच्या बाजूने, आणि दुसऱ्या अंगानं खाली उतरली. मला वाटलं काहीतरी चुकलं. पुन्हा टाकलं. मग मी दुसऱ्या खिडकीत जिजाजींच्या घराजवळचं विमानतळ टाकलं.

अकरा हजार सातशे.

मी वजाबाकी केली. मला जायचं होतं ते शहर त्यांच्या गावाच्या पलीकडे नव्हतं. ते अलीकडे होतं. सहाशे किलोमीटर अलीकडे. भिंतीवरचा नकाशा अमेरिकेला डाव्या कडेला ठेवतो, म्हणून आम्ही सगळे डावीकडून मोजत होतो, आणि पृथ्वी गोल आहे हे जे आम्ही तिसरीत घोकलं होतं ते वीत टाकताना एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. जिजाजींच्याही नाही. ते नेहमी स्वस्त तिकिटानं आखाती देशांत उतरत, तासन् तास बाकांवर काढत येत. त्यांना खरंच वाटत असावं की एवढंच लांब आहे.

हे मी त्यांच्या बाजूनं लिहिलं. आता पुढचं.

दोन्ही ठिकाणांहून दिल्लीला सरळ विमान आहे. व्हँकुव्हरहून चौदा तास, त्यांच्याकडून साधारण पंधरा. दिल्लीहून सकाळी नागपूर, नागपूरहून गाडीनं अमरावती किंवा अकोला. मी माझ्यासाठी हिशेब करत होते, आणि तो करता करता माझ्यासमोर दुसराच हिशेब पूर्ण झाला.

जिजाजींचे वडील दोन वर्षांपूर्वी अकोल्याला गेले. दिवेलागणीला. मी शेवटच्या वर्षाला होते, होस्टेलवरून चालत त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा अंगणात शीतपेटी उतरवत होते. जिजाजींचे धाकटे भाऊ प्रत्येकाला सांगत होते, दादा निघतील, परवा दुपारपर्यंत थांबू. मावशी पेटीच्या काचेवर हात ठेवून बसल्या होत्या. मग फोन आला. तो स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला. जिजाजी रडत होते, ते रडणं खोटं नव्हतं. ते म्हणाले, बावीस हजार किलोमीटर आहे, कसंही केलं तरी तीन-चार दिवस लागतात, थांबू नका. धाकट्यानं सकाळी अग्नी दिला. जिजाजी तेरवीला आले.

तेव्हापासून मावशी कुणी भेटलं की ते अंतर सांगतात. लय दूर हाये, विमानालेच दोन दिवस लागते, काय करन पोरगं. बावीस हजार हा आकडा त्यांनी पाठ केला आहे. मंदिरात, दवाखान्यात, भाजीवालीला, सगळ्यांना.

भारतात संध्याकाळ होते तेव्हा तिकडे सकाळ असते. सरळ विमान तिकडून रोज रात्री सुटतं, तेव्हाही सुटत होतं. त्यांच्या हातात सबंध दिवस होता. रात्री बसले असते तर दुसऱ्या रात्री दिल्लीत, आणि परवा दुपारी पेटीपाशी. कारण काय होतं मला माहीत नाही. नोकरी असेल, कागदपत्रं अडली असतील, हिंमत झाली नसेल. ते कारण त्यांनी सांगितलं असतं तर त्या घरात कुणी शब्द बोललं नसतं. त्यांनी अंतर सांगितलं, कारण ते मोजू शकेल असं त्या घरात कुणी नव्हतं. आणि आता तेच अंतर ते माझ्या वाटेत आडवं टाकत होते.

मी लॅपटॉप मिटला. बाबांना तेव्हाच वर बोलावून सगळं दाखवता आलं असतं. मी दाखवलं नाही. एक तर बाबा मोबाइल-लॅपटॉपवरच्या रेघांवर विश्वास ठेवत नाहीत आणि जिजाजींनी ते एका वाक्यात उडवलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. मला ते धोंड्याच्या दिवशी हवं होतं. पाटावर बसलेले, कपाळाला कुंकू, समोर वाण, आणि भोवती सगळे. माइक दिला तेव्हाही सगळेच होते.

त्या दिवशी अकोल्याहून मावशीही आल्या. सुनेच्या माहेरच्या जेवणाला त्या सहसा येत नाहीत, पण मुलगा इतक्या दिवसांनी आला होता, त्यांना त्याच्याजवळून हलायचं नव्हतं. त्या कूलरसमोर खुर्चीत बसल्या होत्या. जेवणं झाली. धोंडे संपले, वाण देऊन झालं. शेजारच्या काकू पानसुपारी घेऊन गेल्या. जिजाजी पाटावरून उठून सोफ्यावर रेलले आणि बाबांना म्हणाले, "मंग काकाजी, साळीबाईचं काय ठरलं? नाही कळवून टाका. उगाच जागा अडवून ठेवू नये."

बाबा पडद्याआड माझ्याकडे बघून म्हणाले, "कळवून टाकते म्हणते."

मी तसं म्हटलं नव्हतं. मी पडद्यातून बाहेर आले. शोकेसमध्ये एक पृथ्वीचा गोल आहे, आतून दिवा लागणारा. जिजाजींनीच आधीच्या खेपेला आणलेला. धूळ बसू नये म्हणून मोठ्या आईनं त्यावरचं प्लास्टिक काढलेलं नाही. मी तो काढला, प्लास्टिक सोडवलं आणि बाबांच्या समोर टीपॉयवर ठेवला. मग पूजेच्या ताटातला लाल धागा घेतला.

"आता जादूचे प्रयोग," जिजाजी म्हणाले. मोठी आई हसली.

बाबा हसले नाहीत. धागा बघून ते पुढे सरकले. संत्र्याची कलमं लावायची तेव्हा ते दोरीनं आखणी करतात. लहानपणी दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. एकदा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून मी नजरेनं सांगितलं होतं की ही ओळ लांब आहे, ती आखूड. त्यांनी मला शेतात उतरवून दोरी धरायला लावली होती. मध्ये उंचवटा होता आणि मला आखूड वाटलेली ओळच लांब निघाली होती. नजर खोटं सांगते, दोरी जमिनीवर पडली पाहिजे, असं ते तेव्हा म्हणाले होते.

मी धाग्याचं एक टोक दिल्लीवर धरलं. दुसरं व्हँकुव्हरवर नेलं आणि ताणलं. ताणला की धागा आपोआप सरकतो, जिथे सर्वांत कमी लागेल तिथे जाऊन बसतो. तो वर सरकला आणि गोलाच्या वरच्या खिळ्याजवळून गेला. मी नखानं खूण धरून तिथे तोडला. मग दुसरा धागा. दिल्लीवर धरला, न्यू जर्सीवर नेला, ताणला. तोही वरच गेला, खिळ्याच्या दुसऱ्या बाजूनं. तोडला. दोन्ही धागे मी बाबांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले.

बाबांनी ते चिमटीत धरून टोकाला टोक जुळवलं. दुसरी टोकं खाली लोंबली. एक नखभर आखूड होतं.

"हा कोणता?" त्यांनी विचारलं.

मी आखूड धाग्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. मग लांब धाग्याला हात लावला आणि जिजाजींकडे.

बाबांनी पुन्हा गोल हातात घेतला आणि स्वतः मोजलं. त्यांनी कूलर बंद करायला लावला, धागा उडत होता म्हणून. त्यांनी मग मान वळवून भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, टिकलीकडे, आणि नकाशाच्या डाव्या कडेकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते बघितलं. शेतात उंचवटा सापडला की दिसतं, तसंच.

"जवळ हाये," ते म्हणाले. "जवाईबापू, तुमच्यापरीस जवळ हाये हे."

जिजाजी अजून हसत होते, पण आता फक्त तोंडानं. ते म्हणाले की हे खेळणं आहे, लहान पोरांसाठी आणलं होतं. विमान असं बर्फावरून जात नसतं. मोबाइल काढून काहीतरी शोधू लागले आणि ते शोधता शोधता थांबले. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनाही ती वर गेलेली रेघ दिसली असणार. त्यांनी मोबाइल उलटा करून सोफ्यावर ठेवला.

"धाग्यानं काही होत नाही काकाजी," ते म्हणाले. आवाज आता वेगळा होता. "मी स्वतः भोगलं आहे. माह्या बापाच्या मातीले मी पोचलो नाही. पोचता येत असतं त पोचलो नसतो का? आता हिला पाठवा अन् मंग बसा वाट पाहत."

बाबांच्या हातातले धागे खाली आले. मला ते दिसलं. मोजणं पटलं होतं, पण समोर एक माणूस होता ज्यानं बाप गमावला होता आणि जो सांगत होता की पोहोचता येत नाही. त्याच्यापुढे धागा काय करणार? बाबा आत्याचे भाऊ होते. त्यांचं 'नाही' परत येऊन त्यांच्या तोंडाशी उभं राहिलेलं मला दिसत होतं.

तेवढ्यात मावशींनी हात पुढे केला. "इकडे द्या बरं थे."

बाबांनी दोन्ही धागे त्यांना दिले. मावशींनी आखूड धागा मांडीवर ठेवला आणि लांब धागा दोन्ही हातांनी धरला. टोकापासून टोकापर्यंत त्यावरून बोट फिरवलं.

"आमच्या पोराचा हा?" त्यांनी विचारलं. "एवढासाच?"

"आई, सोड ते," जिजाजी म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "बावीस हजार कावून सांगत होता मंग? तू सांग वं माय. तू शिकली आहे. या दोऱ्यावरून निघालं त कवा पोचते माणूस?"

ताई दारात उभी होती, हातात पानाचं तबक. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी. तिला माहीत होतं. त्या सकाळी न्यू जर्सीच्या घरात तीही होती. ताईशी माझं काही भांडण नव्हतं. तिच्या ओढण्या मी कॉलेजभर वापरल्या आहेत. आणि मावशींनी तर मला रविवारी-रविवारी जेवू घातलं होतं. बावीस हजार या आकड्यावर त्या दोन वर्षं उभ्या होत्या, आणि मी गप्प बसले तर उभ्या राहणार होत्या.

सगळ्यांना ठाऊक होतं की मी गप्प बसेन. जिजाजींना तर खात्री होती. ते मागे रेलले, एक हात सोफ्याच्या पाठीवर टाकला आणि त्या लग्नातल्यासारखेच माझ्याकडे बघून हसले. "बोला साळीबाई," ते म्हणाले. "तुम्हाले विचारून राहिली आई."

इथे असं लिहिता आलं असतं की मी मावशींसाठी बोलले, त्यांना खरं कळायला हवं होतं म्हणून. किंवा बाबांसाठी. तसं नव्हतं. मला जायचं होतं, आणि जाण्याची वाट त्या एका वाक्यातूनच निघत होती. पण वाट दुसरी असती तरीही मी ते बोलले असते. मी बाबांच्या चपलांकडे पाहिलं, त्या दारापाशी होत्या. मग जिजाजींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि घरात कुणीही माझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती त्या बोलीत, बाबांच्या बोलीत, सावकाश बोलले.

"थ्या रात्री सरळ विमान होतं, मावशी. जिजाजी निघालेच नाही. निघाले असते त परवा दुपारपर्यंत मातीले पोचले असते."